माफ करायचं कुणी

माझ्या मुलाला त्याच्याच खोलीतल्या सोबत्याने जिवे मारलं. सौदीतल्या दम्मामचा उन्हाळा, एसी किती ठेवायचा यावरून तोंडाला तोंड लागलं, कांदा चिरायची सुरी हाताशी होती. झालं. मारणारा आमच्याच बाजूचा, खाडीपलीकडचा. मी गावाहून सुकट पाठवायची ती दोघांना पुरेल एवढी.

खटल्यासाठी मी तिकडे गेले. कोकणातली तिथली माणसं जमातीच्या एका वडीलधाऱ्या भाईंच्या घरी जमली. आपल्याकडे असंच असतं बघा, लग्न मोडो नाहीतर बांध सरको, जमात बसते, निकाल सगळ्यांचा होतो. एकट्याच्या डोक्यावर काही राहत नाही. चहा झाला, दोघे-तिघे रडले, आणि ठरलं की माफ करायचं. मी मनात म्हटलं, बरं झालं, मला बोलावं लागलं नाही.

कोर्टात जाताना गाडीत भाई सांगत होते, पूर्वी मुंबईत ज्युरी असायची. गुन्हा केला की नाही ते साधी माणसं सांगायची, शिक्षा जज्ज द्यायचा. इथे ज्युरी नाही, गुन्हा काझीच ठरवतो. पण खुन्याचा जीव घ्यायचा की सोडायचा, ते मेलेल्याच्या घरच्यांना विचारतात.

मारणाऱ्याने सगळं कबूल केलं होतं. काझींनी गुन्हा शाबीत धरला तसे भाई उठून जमातीचा निर्णय सांगू लागले. काझींनी दुभाष्याकरवी विचारलं, तुम्ही मयताचे कोण? भाई म्हणाले, गाववाले. काझींनी त्यांना हातानेच बसवलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरात आम्ही मायलेकच उरलो होतो.

"अम्मा, हा हक्क तुमचा," दुभाष्या म्हणाला. "जमातीचा नाही, काझींचाही नाही."

भाईंच्या घरी तो शब्द किती सहज निघाला होता. इथे तो मला एकटीला म्हणायचा होता. तो पोरगा समोर, मान खाली, अंगाने अर्धा झालेला. काझी थांबले, घाई केली नाही त्यांनी. शेवटी मी माफ म्हटलं. मनापासून म्हटलं का, ते आजही सांगता येत नाही.

काझी म्हणाले, जीव वाचला, पण सरकारचा हक्क वेगळा. तुरुंग भोगावा लागेल, किती ते मी ठरवीन.

बाहेर आल्यावर भाई हळूच म्हणाले, "आपा, तुरुंग कमी व्हावा म्हणून तुमच्या नावाने अर्ज देऊ?"

"ते काझींचं काम, भाई," मी म्हटलं. "मला आता काही विचारू नका."