धुयाला मी, बसायला त्या

"अगं, इथं? आमच्यात?" वहिनी म्हनल्या आन संडासाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

मी त्यांची कामवाली, माझ्या हातात ब्रश. तोच संडास मी आत्ता घासून बाहेर आले व्हते. सकाळपासनं पोटात पिळा पडत व्हता, घरनं निघताना उलटी झाली व्हती. मी मागितलं काय? "वहिनी, पोट लई बिघडलंय. जरा जाऊन येऊ का?" एवढंच की.

"चौकात सार्वजनिक आहे ना, तिकडं जा. आणि शिळंपाकं खाऊ नये बाई."

पळाले. फाटकापातूर पोचले आन तितंच झालं. साडी भरली. समोरच्या बंगल्यातली म्हातारी बघत व्हती. मी बागेतल्या नळाकडं वळले, तर वरनं वहिनींचा आवाज, "तो नळ नको हं, झाडांचा आहे!"

रिक्षात मला कोन बसवनार? सोलापूरच्या उन्हात तशीच चालत घरी आले. रडले न्हाय. लाजच एवढी व्हती की रडाया जागा न्हवती.

करोनाची साथ चालू व्हती. पन आमाला वाटायचं, करोना म्हंजे खोकला आन ताप. मला खोकला न्हाय, ताप न्हाय, नुसते जुलाब. भाकरीवर शेंगाची चटनी घेतली तर भुसा चावल्यागत. वस्तीतल्या संडासाला ही रांग. पोट धरून उभी राहायची. पुढं कुनी आत रेंगाळलं की वाटायचं, दार फोडावं.

शेजारची यल्लव्वा म्हनाली, "नजर लागलीय तुला." मीठ-मिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या. मी म्हनले, "ठसका न्हाय, वास न्हाय. नजर जबर हाय गं!" माझी पोरगी तोंडाला वढनी लावून खोकत वरडली, "आये, आख्खी गल्ली खोकतीय, आन तुला वास न्हाय?" यल्लव्वाच्या डोळ्यातनं पानी गळत व्हतं. मग पोरीनंच दवाखान्यात नेलं. नाकात काडी घातली. करोनाच निघाला.

मला कुनाची नजर लागनार? हाय काय माझ्याकडं? नजर माझीच लागली व्हती, वहिनींच्या संडासाला. खरं सांगते. त्यांच्या सोन्याचा मला कदी हेवा वाटला न्हाय, गाडीचा न्हाय. पन पडल्या पडल्या डोळ्यापुढं तो यायचा. पांढरा फेक. आतनं कडी. रांग न्हाय. मी जळायचे. आतनं नुसता जाळ. मीच चकाचक केलेला, आन मलाच बंद.

पुढं वहिनींनापन करोना झाला. मी बरी झाले, त्यापन बऱ्या झाल्या, आन बोलावनं आलं. गेले. वहिनी पार उतरल्या व्हत्या. गॅलरीत शहाळं पीत बसलेल्या. वाईट वाटलं मला. मानूसच की तेबी.

"काय सांगू तुला," त्या म्हनल्या, "जुलाबानं जीव गेला असता. संडास खोलीतच होता म्हणून निभावलं बघ. आता तो इतका घाण झालाय, कुणी हात लावत नाही. तूच धू."

निभावलं म्हनं! माझ्यासमोर! ती फाटकाजवळची भरलेली साडी आठवली का न्हाय बाईला? न्हाय आठवली. तोंडावर काहीच न्हवतं.

मी म्हनले, "वहिनी, आदी मी बसनार."

"काय?"

मी आत गेले. कडी घातली. मला आली न्हवती. तरी बसले. बाहेरनं दार वाजत व्हतं, "अगं, कळतं का तुला काही?" वाजू दिलं. सावकाश उठले. पानी वतलं. त्यांच्याच वासाच्या साबनानं हात धुतले. आन कडी काडली.

"आणि धुणार कोण?" वहिनी वरडल्या.

"ज्यांचा हाय त्यांनी."

काम गेलं. वस्तीतल्या बायका म्हनल्या, बया, डोकं फिरलं काय तुझं? फिरलं. आता नव्या दारात गेले की पगाराच्या आदी इचारते, "संडास मला वापराया देनार का?" कुनी हसतं. कुनी दार लावतं. एका घरानं व्हय म्हनलं, तितं मी काम करते. बाकीच्यांचे पांढरे फेक संडास बघून अजून जळते मी, आन जळतच राहनार. पन जिथं मला बसू देत न्हायत, तितली घान माझा हात काडनार न्हाय.