गरम फडक्याने सुटणारे सांधे

माझी भावजय भंगारातून फर्निचर उचलून आणायची तेव्हा शेजारणी नाकं मुरडायच्या. मीही मुरडलं. एकदा तिने ढेकणांनी भरलेलं, पाय मोडलेलं कपाट आणलं, तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे वापरायचं की जाळायचं?"

"वन्सं, तुम्ही चहा प्या. कपाटाचं मी बघते."

बघितलंच तिने. त्याला दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या मुठी लावल्या आणि ते विकूनही टाकलं. सायकलच्या फाटक्या ट्यूबा कापून ती खुर्च्यांच्या बैठका विणायची. त्यावर बसलं की मला उठवत नसे.

लाकडाचं काम माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. त्याचा एक हट्ट होता, सांधा सरसानेच जोडायचा. सरस म्हणजे कातड्यापासून केलेला जुना डिंक. तो तापवला की असा वास सुटतो, की पाहुणा टेकत नाही. पण गरम ओलं फडकं धरून ठेवलं की सांधा मोकळा होतो. "उद्या कोणाला दुरुस्त करायचं झालं, तर त्याला उघडता यायला नको का?" असं त्याचं म्हणणं.

मग त्याचं डोकं जायला लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते. मला म्हणू लागला, "बाई, कोणाकडे आलात?" सख्ख्या बहिणीला! करवत हातात घेऊन नुसता बघत बसे. एक गोष्ट मात्र त्याचे हात विसरले नव्हते. बायकोने खुर्ची जोडून ठेवली की हा गरम फडकं घेऊन यायचा, सांध्यावर धरायचा, कान लावायचा, आणि अलगद पाय काढून ओळीने मांडायचा. वर हसायचा. ती मुकाट्याने पुन्हा जोडायला बसायची.

माझा भाचा वैतागला. "आई, गिऱ्हाईक दारात येऊन ओरडतंय. बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू या."

"ते इथेच राहतील. माझ्यासमोर, कामावर."

"कामावर? मोडून ठेवतात सगळं!"

"मोडत नाहीत. उघडतात."

स्पष्ट सांगते, मला भाच्याचंच पटत होतं. पण तिला एवढंच हवं होतं, की नवरा कामाच्या बाकासमोर बसलेला दिसावा. शेवटी मुलाचं तोंड बंद व्हावं आणि नवरा घरात राहावा, म्हणून तिने बाजारातला नवा डिंक आणला. लाकूड फाटेल पण सांधा सुटणार नाही, असला. त्या डिंकाने तिने एक खुर्ची जोडली, पॉलिश केली.

त्या दुपारी मी तिथेच होते. मिस्त्री फडकं घेऊन आला. धरलं, कान लावला. पाय हलेना. पाणी पुन्हा तापवून आणलं, पुन्हा धरलं. ऊन भिंतीवरून उतरलं तरी तो वाकून तेच करत होता. भावजय हातातली ट्यूब तशीच धरून बघत राहिली. मग त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं, फडकं नीट पिळून खिळ्याला अडकवलं, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. पुन्हा बाकाजवळ आला नाही.

तिने तो डिंक फेकून दिला. सरस तापवला, मुद्दाम घरभर वास जाऊ दिला. एक स्टूल जोडून, वाळवून त्याच्या खाटेपाशी नेलं, गरम फडकं हातात दिलं. त्याने त्या फडक्याने तोंड पुसलं.

"अहो, हा सांधा बघा ना जरा."

"छान आहे हो," तो म्हणाला. परक्याच्या घरी म्हणतात तसं.

वर्ष सरायच्या आत तो गेला.

भावजय अजून काम करते, सरसानेच. परवा गेले होते. ती खुर्ची बाकाजवळच होती. फडकं धरलं होतं तिथे चारही पायांवर पॉलिश पांढरं पडलंय.

"एवढी तू कारागीर, एक हात पॉलिशचा मारायला काय होतं?" मी म्हटलं. माझे गुडघे दुखत होते, मी सरळ त्याच खुर्चीवर बसायला गेले.

"वन्सं, तिच्यावर नको," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी दुसरी ओढली.