आमच्या हॉलमधली बस

व्रताच्या सामानाचं कपाट आवरायला काढावं आणि एकेक विसरलेली पुडी सापडत जावी, तसे आमच्या मंगळवारच्या वर्गाचे किस्से. एक काढला की मागून दुसरा निघतोच!

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये वैदेही मॅडम आम्हा बायकांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा हक्कांचा लढा शिकवतात. कादंबऱ्या वाचून दाखवतात, सिनेमे लावतात.

*

पहिल्याच सिनेमात बसमधल्या काळ्या बाईला गोऱ्यासाठी सीट सोडायला सांगतात. ती हलत नाही. पोलीस येतात. हॉलमध्ये कुणी श्वास घेईना!

तेवढ्यात सगळ्यांत थोरल्या आक्का म्हणाल्या, "मागं जागा हाय की! कशाला वाद?"

*

कादंबरीतली आई मोर्चात पकडली गेली आणि नेमकं तिथंच मॅडमनी पुस्तक मिटलं. मला घास गोड लागेना. ती सुटावी म्हणून मी अंबाबाईला ओटी बोलले!

मॅडम हसल्या. "अहो काकू, पुस्तक कधीच छापून झालंय!"

"असू दे की. आपलं वाचून कुठं झालंय?"

*

एकदा मॅडमनी खुर्च्यांची बस केली. आक्का ड्रायव्हर. एकीलाच उठवायचं होतं, पण आक्का अशा कडाडल्या, "ए, ऊठ की!" की अख्खी बस उभी राहिली!

"तुम्ही सगळ्या का उठलात?"

"आवाज चढला की उठायची सवय हाय, मॅडम!"

सर्वांत आधी उठल्या होत्या सुशीलावहिनी.

*

त्यांचे मालक गेल्यापासून हळदीकुंकवाचं ताट दिसलं की त्या आपणहून उठून आत जातात. वर्गात हे निघालं तेव्हा मॅडमनी विचारलं, "त्यांना कुणी उठवलं?"

"कुणी नाही," आम्ही म्हणालो.

*

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी माझ्याकडं उद्यापन होतं. सुशीलावहिनींना मुद्दाम बोलावलं. म्हणाल्या, "येतो, पण ताट येस्तवर."

मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले. वहिनी खुर्चीतच! पदर मुठीत घट्ट धरलेला.

आक्का गोड आवाजात म्हणाल्या, "सुशीला, आत दूध बघ जरा."

"मगाशीच उतरवून आलोय, आक्का."

मी ताट घेऊन तिथंच थांबले. देवीपुढची समई शांत तेवत होती.

आक्कांचा आवाज चढला. "सुशीला, ऊठ की!"

आणि सगळ्या बायका उभ्या राहिल्या! बसून राहिल्या त्या एकट्या सुशीलावहिनी.

ताट घेऊन मी त्यांच्यापुढं वाकले.