संत्रं बंद, आलं बंद

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, एकतीस वर्षं विजेचे मीटर तपासत होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी मीटरकडे बघणार, मग माणसाकडे. गल्लीत त्यांना मीटरसाहेब म्हणतात. मी एरवी भावोजी म्हणते आणि डोकं फिरलं की तोंडावर मीटरसाहेब म्हणते. माणूस वाईट नाही हो. नोकरीत कधी कुणाचा मिंधेपणा पत्करला नाही, ड्युटीवर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पण संशय अंगात असा मुरलाय की सांगायची सोय नाही.

त्यांचा एक नियम होता. माणसाला विचारायचं नाही, आकडा वाचायचा. विचारलं की चोर सावध होतो, आकडा बिचारा आहे तिथेच राहतो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या लाँड्रीचा मीटर त्यांच्या यादीत आला. वापर एकदम निम्म्यावर आलेला. संध्याकाळी भावाकडे जाऊन ‘काय रे, काय भानगड आहे?’ एवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नाही. आपला भाऊ म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून यांनी कागदावर ‘चोरीचा संशय’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. वीज तोडली, मीटर काढून नेला, गावभर बोभाटा झाला. तीन आठवड्यांनी कळलं की भाऊ धुतल्या तांदळासारखा आहे. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, तिचं करायला माणूस नव्हतं, म्हणून त्यानं दोन मशीन बंद ठेवल्या होत्या. ती त्याच वर्षी गेली. भावोजी भेटायला गेले तर धाकट्यानं दार उघडलं नाही.

त्या दिवशी ताईनं त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. “भावाचं माप न विचारता घेतलंत, ते झालं. माझं घेतलंत तर त्या दिवशी मी या घरातून निघाले असं समजा.” आमची ताई फार बोलत नाही. पण बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. भावोजींना हे पुरतं माहीत होतं, म्हणून तर पुढे सगळं चोरून झालं.

या उन्हाळ्यात ताईनं एकाएकी गार चहा करायला घेतला. मी खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते, माझं वरती येणंजाणं चालूच असतं. दुपारी बाराला वर गेलं की वास यायचा. पाण्यात दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, वेलची, ठेचलेलं आलं, साखर. उकळी आली की गॅस बंद, मग चहाची पत्ती, आणि झाकण ठेवून मोजून चार मिनिटं, त्याच्यावर गेलं की तुरट. गाळायचा, त्यात संत्र्याच्या चकत्या टाकायच्या आणि ओट्यावरच निवू द्यायचा. गरम असताना फ्रिजमध्ये ठेवलास तर गढूळ होतो, असं मला दोनदा बजावलं. एक पेला भावोजींना, अर्धा मला, उरलेला सगळा बाटलीत. बाटली पिशवीत, पिशवी खांद्याला आणि ताई तीनच्या बसला. विचारलं तर म्हणायची, “जरा बाहेर जाऊन येते.”

ज्या घरात वाफाळत्या चहाशिवाय कुणाचा डोळा उघडत नाही, तिथे हा गार चहा कुणासाठी? मला आधी काही वाटलं नाही. भावोजींना पहिल्या दिवसापासून वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात ते माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. हातात नोकरीतली जुनी डायरी.

“मेव्हणीबाई, सोमवारपासून संत्रं बंद झालंय.”

“महाग झालं असेल.”

“टोपलीत चार पडलीत. घरात आहेत, चहात नाहीत. बुधवारी आलं बंद. लवंगा चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, कालपासून तीही नाही. आणि शुक्रवारी नासपती आली. मला नासपती आवडत नाही. तुझ्या बहिणीला आवडत नाही. म्हणजे कुणाला तरी आवडते.”

“अहो, चहाच्या बाटलीला पण मीटर बसवलात का?”

ते हसले नाहीत. डायरी माझ्यापुढे धरली. तारखेवार सगळं होतं. साखरेच्या बरणीवर त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती, ती किती खाली गेली तेही होतं. कापडातून एकदा गाळते की दोनदा, तेही. 

“ताईला सरळ विचारा ना.”

“विचारलं की माणूस सावध होतो,” ते म्हणाले. “आणि तिला कळलं की मी बघतोय, तर ती जाईल. तू फक्त लक्ष ठेव. तुझ्या खिडकीतून रस्ता दिसतो.”

तेव्हाच दोन शब्द सुनवून हाकलायला हवं होतं. मी म्हटलं, “बघू.” खोटं कशाला बोलू, मलाही थोडी मजा वाटत होती. एकोणसाठ वर्षांची ताई, गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे खाली यायचं टाळते, आणि रोज तीनची बस धावत गाठते. कुणालाही नवल वाटेल.

मग शर्टाचं झालं. ताई कापड घेऊन आली, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती. म्हणाली दोन शर्ट शिव, पुरुषाचे. छाती अडतीस. कॉलर नको, गळ्याला शिवणीची कड टोचायला नको, आणि बटणं खालपर्यंत म्हणजे डोक्यातून घालावा लागणार नाही. माझी टेप गळ्यात तशीच राहिली. भावोजींची छाती बेचाळीस आहे, त्यांचे सगळे शर्ट मीच शिवते.

“कुणाचे गं?”

“आहे एक ओळखीचा माणूस.”

माझ्याकडे न बघता बोलली. आमच्या ताईला खोटं बोलता येत नाही, आणि तिला ते माहीत आहे, म्हणून ती फक्त पाठ फिरवते. ती गेल्यावर माझं कात्रीत लक्ष लागेना. आजवर भावोजींच्या डोक्यातलं खूळ होतं, आता माझ्याच टेपवरचा आकडा होता. अडतीस. एखाद्या हडकुळ्या माणसाला माझी बहीण चमच्यानं गार चहा भरवते आहे असं चित्र माझ्या डोळ्यासमोर आलं, आणि मी चक्क रागावले. भावोजींसाठी नव्हे, स्वतःसाठी. मला न सांगता? मी तिची सख्खी बहीण, आणि मला पाठ?

त्या रागात मी नको ते केलं. वर जाऊन भावोजींना म्हटलं, “उद्या मीच जाते तिच्या मागे.”

दुसऱ्या दिवशी ताई बसच्या पुढच्या दारानं चढली, मी मागच्या. डोक्यावरून ओढणी घेतली होती, कशी दिसत असेन देव जाणे. ताई सात थांब्यांनंतर उतरली. बाजार ओलांडला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारून एका बोळात शिरली आणि एका बंद शटरच्या बाजूचा जिना चढली. शटरवरची पाटी ओळखीची होती. मला वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. परत वाचली. लाँड्रीची होती, धाकट्याची.

मी वर गेले. दार अर्धं उघडं होतं. खाटेवर धाकटा बसला होता, अर्धा उरलेला. मानेची कातडी एका बाजूनं काळवंडलेली, जिथे घशाच्या कॅन्सरसाठी किरणांचा शेक दिला होता तिथे. ताई चमच्यानं चहा देत होती. तो एक घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचा आणि मग गिळायचा. गिळताना त्याचे दोन्ही हात गादीत रुतायचे. संत्रं आंबट, ते त्या घशाला आग लावत असणार. आलंही तसंच, लवंगही. मला पायरीवर उभ्या उभ्या सगळं कळलं आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

ताईनं वळून बघितलं. आधी मला, मग माझ्या डोक्यावरची ओढणी.

“त्यांनी पाठवलं?”

मी डोक्यावरची ओढणी खाली ओढली. नाही म्हणता आलं असतं, पण माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे.

धाकट्याचा आवाज गेलेला. तो नुसता श्वासानं बोलला, ते ऐकायला मला जवळ जावं लागलं. “दादाला सांगू नका म्हणून मीच वहिनीला शपथ घातली होती. त्याला कळलं तर तो बघायला येईल, खरंच आजारी आहे का ते.”

ताईनं बाटलीचं झाकण लावलं. तिनं आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “माझे चार कपडे आणि गुडघ्याचं तेल उद्या आणून दे. मी आता इथेच राहते. त्यांना सांग, माप घेऊन झालं असेल तर आता निवांत बसा.”

घरी आले तर भावोजी दारातच. मी शर्टापासून शपथेपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, ‘खरंच आजारी आहे का ते’ हासुद्धा नाही. मुद्दामच सांगितला. ते जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, “नासपती त्याला लहानपणापासून आवडायची. मला आठवायला हवं होतं.”

“तुम्ही आकडे वाचत होतात,” मी म्हटलं. मला त्यांची दया येत नव्हती त्या दिवशी. स्वतःचीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईचे कपडे घ्यायला वर गेले तर ओट्यावर पातेलं, आणि शेजारी ती डायरी उघडी. भावोजी स्वतःचीच तपासणी पाककृतीसारखी वाचत होते. संत्रं बंद. आलं बंद. लवंग नाही. दालचिनी, वेलची, नासपती, दोनदा गाळणे. बायकोवर पाळत ठेवून लिहिलेलं, पण होतं मात्र तंतोतंत. इतकी वर्षं संसार करून या माणसाला चहा करता येत नव्हता. पहिल्यांदा पत्ती उकळली, कडू झाला. दुसऱ्यांदा गरमच फ्रिजमध्ये ठेवला, डबक्यासारखा गढूळ. तिसरा बरा झाला, तो मी चाखून पास केला आणि ताईचे कपडे घेऊन आम्ही दोघं तीनच्या बसला.

ताईनं दारातूनच बाटली घेतली. भावोजींना आत या म्हटलं नाही. झाकण उघडलं, त्यांच्या देखत तळहातावर थोडा चहा ओतून चाटून पाहिला, जिभेवर घोळवला, आणि मगच आत नेला. दार लोटलं. आम्ही बाहेर पायरीवर.

हे रोज चाललं. रोज ती चाखणार, रोज ते बघणार. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून त्यांचा खरेपणा तपासला, आता स्वतःचा तपासला जात होता, आणि तोंडातून ब्र नाही. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, “ताई, पुरे की आता. विष घालणार आहेत का ते?” ताई म्हणाली, “मला काय माहीत ते काय करतील. मलाही वाटायचं, मला माहीत आहे.” भावोजींनी मलाच दटावलं, “तिला बघू दे.”

असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी दार ताईनं उघडलं नाही. धाकट्यानं उघडलं. भिंतीला धरून तो खाटेपासून दारापर्यंत आला होता, अंगात मी शिवलेला बिनकॉलरचा शर्ट. दोघं भाऊ समोरासमोर. भावोजींची नजर त्याच्या मानेवर गेली आणि त्यांनी ती झटकन खाली, त्याच्या पायांवर आणली. तपासतोय असं वाटायला नको म्हणून. मला दिसलं ते.

धाकट्यानं हात पुढे केला. भावोजींनी बाटली दिली. त्यानं झाकण काढलं आणि बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात ताई आतून धावली.

“थांबा, मला बघू दे आधी.”

तो श्वासानंच बोलला, पण या वेळी मलाही दारातून ऐकू आलं. “कशाला? दादानं केलाय.”

आणि प्यायला. एक घोट, गादी नाही म्हणून दाराची चौकट आवळून धरली, आणि गिळला. मग दुसरा.

भावोजी तिथेच पायरीवर मटकन बसले. तोंडावर दोन्ही हात घेऊन लहान पोरासारखे हमसून रडले, शेजारच्या खोलीतली बाई बाहेर येऊन बघायला लागली तरी थांबेनात. मी त्यांना उठवायला वाकले तर ताईनं मला हातानं बाजूला केलं. ती त्यांच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग आत गेली, खाटेशेजारचा स्टूल पायानं थोडा पुढे सरकवला आणि म्हणाली, “आत येऊन बसा. उन्हात बसू नका.”