एका व्हिडिओची माफी मागायला अकोल्याला

"अकोल्याला कुणी फिरायला जातं का?" असं ऑफिसात तिघांनी विचारलं. मी फिरायला चाललेच नव्हते. मला एका बाईंची माफी मागायची होती. फोनवर मागून झाली होती, तेव्हा पलीकडून नुसतं "बरं" आलं होतं आणि ते "बरं" महिनाभर माझ्या कानातून जाईना. शेवटी सप्टेंबरात दोन दिवसांची रजा टाकली आणि पुण्याहून अमरावतीची गाडी पकडली.

आधी भानगड सांगते. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी आम्ही पुण्या-नाशकातले हौशी मास्तर मोठ्या वयाच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवतो. दुपारी त्याच बायका त्याच ग्रुपवर पापड, लोणची, गोधड्या विकतात. शिकणारीनं पहिलं अख्खं पान वाचलं की तिचा व्हिडिओ टाकायचा, ही आमची प्रथा. सुमनताई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, वय बावन्न, मुगाचे पापड करणाऱ्या. जुलैत त्यांनी पहिलं पान वाचलं. मी विचारलं, "टाकू का सगळ्यांना दिसेल असं?" त्या म्हणाल्या, "टाका ना ताई." त्यांना वाटलं, ग्रुपवर. मी टाकला आमच्या जाहीर पेजवर आणि वर हौसेनं लिहिलं, 'कालपर्यंत एक अक्षरही न ओळखणाऱ्या सुमनताई आज वाचू लागल्या!'

व्हिडिओ गावोगाव फिरला. पापडांना इतकी मागणी आली की त्यांनी शेजारच्या दोघींना हाताशी घेतलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते. पण सुमनताईंनी सकाळचा धडा ऐकणं बंद केलं. त्यांची मुलगी प्रज्ञा अमरावतीत नर्स आहे, तिनंच त्यांना ग्रुपात आणलं होतं. तिचा एका ओळीचा निरोप आला की आईला तो व्हिडिओ आवडला नाही. काय आवडलं नाही ते न विचारताच मी व्हिडिओ पेजवरून काढून टाकला आणि सुमनताईंना फोन करून माफी मागितली. तेच ते "बरं".

अकोला वाटेतच लागतं, पण नेमकं काय चुकलं ते आधी प्रज्ञाकडून कळून घ्यायचं होतं, म्हणून मी पुढे अमरावतीला गेले. सकाळी उतरले तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं आणि पाऊस काही पडत नव्हता. प्रज्ञा ड्यूटीवर जाण्याआधी मला एका गाड्यावर गिला वडा खायला घेऊन गेली. दह्यात बुडवलेला उडदाचा वडा, वर लाल चटणी. अमरावतीला जाल तर हा चुकवू नका, सकाळी गेलात तर गर्दीही नसते. मला मात्र तो अर्धाच गेला.

"मले वाटलं, तुमाले माहीत असंन," प्रज्ञा म्हणाली. "पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारात रोज सांजच्याले धम्माचा ग्रंथ वाचतात. बायका आळीपाळीनं वाचतात. मायबी वाचाची. किती वर्सं."

"पण त्यांना तर येत नव्हतं ना?"

"मी आदल्या दिवशी तिचं पान वाचून द्याची, अन् ती पाठ कराची. मंग ग्रंथ हातात धरून, बोट फिरवून म्हनाची. कोनाले कळलं नाई. माझं लग्न झालं, मी इकडं आली. आता तिले कोन वाचून देईन? म्हनून तुमच्या ग्रुपात टाकलं तिले."

मी हातातला चमचा खाली ठेवला. कालपर्यंत एक अक्षरही न ओळखणाऱ्या. ते मीच लिहिलं होतं, उद्गारचिन्हासकट.

अकोल्याला एसटीनं मूर्तिजापूरवरून अडीच तास लागतात. बायकांना तिकीट अर्धं आहे आणि गाड्या सारख्या असतात, तेव्हा वेगळी गाडी करायच्या फंदात पडू नका. दोन्ही बाजूंना कपाशी आणि पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. एरवी मी पाच-पन्नास फोटो काढले असते. त्या दिवशी फोन पर्समधून काढावासाच वाटला नाही.

स्टँडवरून शेअर रिक्षानं मोर्णेच्या पुलापलीकडे जुन्या शहरात गेले. नदी जलपर्णीनं झाकलेली, पाणी दिसतच नव्हतं. सुमनताईंचं घर गल्लीच्या टोकाला. ऊन नसल्यानं पापड खाटेवर पंख्याखाली वाळत टाकलेले, आणि दोन बायका खाली बसून लाटत होत्या. सुमनताई व्हिडिओत दिसतात त्याहून लहानखुऱ्या. त्यांनी आधी पाणी दिलं.

"काहून आले एवढ्या दुरून?"

"माफी मागायला."

"मागतली होती ना फोनवर."

"तेव्हा मला कळलं नव्हतं, कशाची मागायची ते."

त्या दोघींना त्यांनी चहा टाकायला आत पाठवलं आणि मग हळू बोलल्या. "विहारातल्या बायका वाईट नाईत जी. त्या एवढंच म्हनल्या, सुमन, मंग इतके वर्सं तू काय वाचत होती? ग्रंथ हातात धरून मी खोटं बोलली, असं झालं ते. आमच्यात शिक्षनाले किती मोठं मानतात, तुमाले सांगाले पायजे काय?"

"पण आता तर तुम्हाला खरंच वाचता येतं!"

"आता कोन भरोसा ठेवन? मी वाचलं तरी वाटंन, पाठ करून आली."

मला रडू आलं, आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. तरी खोड जाते थोडीच! मी म्हटलं, "मी येते विहारात. मी सांगते सगळ्यांना."

"तुमी आता काई सांगू नका, ताई," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

सांजेला विहारातून ध्वनिक्षेपकावर वाचन ऐकू येऊ लागलं. सुमनताईंनी हात धुतले, कपाटातून स्वतःचा ग्रंथ काढला आणि दारात बसल्या. विहारातली बाई वाचत होती, इथे ह्यांचं बोट ओळींवरून सरकत होतं. मी शेजारी बसून नुसती ऐकत होते. मध्येच बोट थांबलं.

"एक ओळ सोडली तिनं," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना जाऊन."

"सांगाले आधी तिथं बसा लागते."

बोट पुढच्या ओळीवर गेलं. वाचन संपेपर्यंत ते सरकत राहिलं. निघताना पापडांचं एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "शिकवलं तुमी मले. ते मी नाई म्हनत नाई."

पुण्याला परतल्यावर ग्रुपच्या मास्तरांपुढे मी विषय काढला की पहिल्या पानाचे व्हिडिओ बंद करू या. बाकीचे म्हणाले, त्या व्हिडिओंमुळेच नव्या बायका येतात, मागणी येते. खोटं नव्हतं ते. फार वाद झाला आणि 'आधी नीट विचारावं' एवढा नियम झाला. मीही नीटच विचारलं होतं, असं मला तेव्हा वाटत होतं. माझा व्हिडिओ अजूनही कुणाकुणाच्या फोनवरून फिरत असतो. सुमनताई सकाळी ग्रुपवर नसतात. दुपारी असतात. 'पाठवले', असं त्या स्वतः लिहितात, एकही चूक नसते.

तो ग्रंथ मी विकत आणला. त्यांच्या मांडीवर पाहिलेलं पान शोधून काढलं आणि तीनदा वाचलं. कुठली ओळ सुटली होती, मला सांगता येत नाही.