पहिली पायरी

पंचफुला सिस्टर कुठल्याही गावच्या विहिरीची पहिली पायरी उतरल्या नाहीत. चप्पल काढून काठावर उभ्या राहायच्या आणि खाली घागरी बुडवणाऱ्या बायकांशी तिथूनच बोलायच्या. आवाज मोठा होता, विहिरीत घुमायचा. नवीन आलेल्या मला वाटलं, गुडघे दुखत असतील. जीपच्या ड्रायव्हरने हळूच सांगितलं, त्या बौद्ध आहेत, मुदखेडकडच्या. या गावांतल्या विहिरीत त्यांना कोण उतरू देणार?

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पाणी तळाला गेलेलं. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून वाटीने घागर भरत, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत बाहेर आलेला असे. त्या जखमेतून किडे पाण्यात उतरत आणि तेच पाणी अख्खं गाव पीत असे. प्यालेल्याच्या पायातून वर्षभराने नवा नारू निघे. नारूच्या मोहिमेत सांगायच्या गोष्टी दोनच होत्या. पाण्यात पाय घालू नका आणि दुपदरी फडक्याने गाळल्याशिवाय पिऊ नका. सिस्टर काठावरून म्हणायच्या, "मला तुम्ही वरच उभी ठिवता ना? मग आता तुम्हीबी वरच उभ्या राहा. दोरानं काढा पाणी." बायका आधी खाली माना घालत, मग एखादी हसे, मग दोर शोधायला माणूस धावे. अपमानाचा असा वापर करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचं कार्यालय भाड्याच्या घरात होतं. पाटीचा रंग अजून बोटाला लागायचा. मी समाजशास्त्रात एम. ए. केलेला, आरोग्य शिक्षणाच्या अधिकारीपदावर तात्पुरता नेमलेला. सिस्टर नांदेडला नर्सिंग शिकलेल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की ही खुर्ची त्यांना हवी आहे. त्या मला 'एम्मे साहेब' म्हणत. "जिल्हा नवा हाय एम्मे साहेब, खुर्च्याबी नव्या. अजून कुणाच्या बुडाचा आकार बसला न्हाई त्यांना. आताच बोलायला पायजे."

त्या लाजऱ्या नव्हत्या. बैठकीत हात वर करत, डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत सुरू होत. कधीकधी चुकीचंही बोलत आणि चूक दाखवली की चिडत. पण एक म्हणणं त्यांनी कधी सोडलं नाही. देशभरची मोहीम असो की गावची, शिकवण्याचं काम नर्सने चालवलं पाहिजे. नर्सने नुसती पत्रकं वाटायची नाहीत. काय सांगायचं, कुणाला, कधी, हे तिनं ठरवायचं. "बाळंतपण केलेला हात आणि सांगणारं तोंड एकाच माणसाचं असावं. तुमचा शिनेमाचा पडदा बघायला गाव जमतं, खरं हाय. पण पडदा गुंडाळला की बाई मलाच इचारायला येते, त्यो साहेब काय म्हनला म्हणून."

मला ते पटायचं. माझी खुर्ची त्यांना द्यावी, असा प्रस्ताव मीच वर पाठवला. मुंबईहून एक मोठे अधिकारी येऊन निर्णय घेणार असं ठरलं.

साहेब येण्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात औशाच्या पुढच्या एका गावात आम्ही गेलो होतो. गयाअक्का नावाच्या शेतकरी घरातल्या विधवा होत्या. त्यांच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण सिस्टरनी सकाळपासून बसून सोडवलं. बाळ रडलं. मी ओसरीवर होतो. अक्का आतून तांब्या घेऊन आल्या. घरातला, देवघराजवळच्या घागरीतला. बाहेरच्या माणसासाठी ठेवलेला पेला तो नव्हता. त्यांनी तो सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरच्या पिशवीत गाळायचं फडकं होतं. त्यांचा हात पिशवीकडे गेला आणि थांबला. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. अक्कांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, तहान नाही. जीपमध्ये माझं लातूरहून आणलेलं पाणी होतं.

परतताना त्या एवढंच बोलल्या, "त्या बाईच्या पाण्याला मी कसं फडकं लावू?"

वर्षभराने त्यांच्या घोट्यावर फोड आला. तो फुटला आणि पांढरा दोरा दिसला. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत त्या कामावर येत. मला म्हणाल्या, "कुठलं पाणी ते तुम्हाला ठाव हाय. तोंड उघडायचं न्हाई. ती बाई पुन्यांदा आमच्या कुणाला पाणी देणार न्हाई." मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मुंबईचे साहेब आले. सिस्टर लंगडत आत आल्या. साहेबांनी पायाच्या पट्टीबद्दल विचारलं. नारू निघालाय, असं त्यांनी सांगितलं. टेबलाभोवती हसू पसरलं. साहेब हसले नाहीत, पण म्हणाले, "बाई, तुम्हीच गाळून पीत नाही, तर जिल्ह्याला काय शिकवणार?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी शब्द पाळतो की नाही हे त्या पाहत होत्या. दुसरं काही पाहत असतील, तर ते मला आजवर कळलेलं नाही. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "तहान लागली होती."

प्रस्ताव फेटाळला गेला. खुर्ची माझ्याकडे कायम झाली. मी वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण गप्प बसल्याचा लाभ मलाच झाला, त्यामुळे ते सांगणं कधी नीट पटलं नाही.

पुढच्या फेरीत जीपमधून उतरताना त्यांचा नारू आतच तुटला. पाय सुजला, पू झाला, विष रक्तात भिनलं. भावाने त्यांना नांदेडला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ताप चढलेला होता. तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या पाणी गाळायला सांगत होत्या. मला म्हणाल्या, "खुर्ची टोचते का एम्मे साहेब?" मी हो म्हणालो. "टोचू द्या. माझ्यासारखी एखादी आली की उठून द्या तिला." पोळ्याच्या आधी त्या गेल्या.

मी अजून त्याच खुर्चीवर आहे. नर्स नेमा, असं दरवर्षी वर कळवतो. अर्हतेत बसत नाही, असं उत्तर येतं. उठून मात्र मी दिलेली नाही.

त्या गेल्यावर महिनाभराने मी गयाअक्कांच्या गावी गेलो. ओसरीवर नातू दुडुदुडु चालत होता. अक्कांनी विचारलं, शिष्टर कशानं गेली? तापानं, मी म्हणालो. त्या पाणी आणायला उठल्या. तांब्यावर दुपदरी फडकं धरून घागर हळूहळू ओतायला लागल्या.

"आमच्या घरचं पाणी प्याली होती ती," त्या फडक्याकडे बघत म्हणाल्या. "एकदाच. तवा गाळलं न्हवतं मी. आदल्या बाजारच्या दिशीच तिनं शिकवलं होतं. फडकं हातातबी घेतलं होतं. मग वाटलं, हिच्यासमोर कापड लावलं तर हिला वाटंल, इटाळ धरून राहिली म्हातारी. म्हणून ठिवून दिलं."

मी तांब्या घ्यायला हात पुढे केला.

"थांबा साहेब," अक्का म्हणाल्या. "समदं उतरू द्या."

आता अक्काही नाहीत, म्हणून लिहितो आहे. त्या दिवशी ते फडकं थेंबथेंब गळायचं थांबेपर्यंत मी हात पुढे करून बसलो होतो.