मुकादम बापाला काय म्हणायचा

२ जून २०१४, सोमवार. मेम्फिसच्या ऑरेंज माउंड वस्तीत लव्हेल पेटिग्रूच्या टायरच्या दुकानात एक करारपत्र आलं. नदीकाठच्या उन्हाळी जलशात एक गाणं म्हणायचं, मोबदला एक हजार चारशे पन्नास डॉलर. अट एकच, गाण्यातला तो शब्द म्हणायचा नाही.

तो शब्द म्हणजे गोऱ्यांनी गुलामांना हाकारताना वापरलेला. लव्हेलच्या दुकानातली काळी पोरं एकमेकांना तो दिवसभर म्हणत, कधी लाडानं, कधी चिडून. गोऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडून तो निघाला असता, तर त्यांच्या हातातला पाना हातात राहिला नसता. आणि लव्हेलच्या आईच्या, मिस अर्लीनच्या घरात तो कोणीच उच्चारायचा नाही. मग तो काळा असो की गोरा, पाहुणा असो की पोटचा पोर.

लव्हेल अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मिसरूड फुटल्यापासून टायर बदलत आला. रविवारी चर्च सुटलं की चुलतभाऊ डुप्रीच्या गॅरेजमध्ये रॅप करायचा. डुप्री ठेका धरायचा, हा बोलायचा. पूर्वी कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकल्या. नाव वस्तीबाहेर गेलं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. पण त्याचं एक गाणं कॉलेजच्या पोरांच्या हाती लागलं आणि फोनाफोनांवरून शहरभर झालं.

ते गाणं त्याच्या बापावर होतं. रूफस पेटिग्रूनं कापसाच्या गोदामात तीस वर्षं गठ्ठे उचलले. मुकादमानं त्याला एकदाही नावानं हाक मारली नाही. गाण्यात मुकादम एकच ओळ बोलतो, आणि ती त्या शब्दानं सुरू होते.

करारावर सही घ्यायला जनेटा स्वतः आली. ती जलशाची व्यवस्थापक. याच वस्तीत वाढलेली, आता उंच टाचांचे बूट घालून तेलकट फरशीवर जपून पावलं टाकत होती.

"लव्हेल, ऐक. तिथं 'भाऊ' म्हण. रेडिओवर सगळे तसंच करतात."

लव्हेल जॅक खाली सोडत म्हणाला, "म्हणजे मुकादम माझ्या बापाला भाऊ म्हणायचा?"

"बरं, मग काहीच म्हणू नको. तेवढी जागा मोकळी सोड."

डुप्री कोपऱ्यात हसला. "जनेटाबाई, तुम्ही बूट बदललेत, पण कान कुठं विसरलात? रॅपवाल्यानं जागा मोकळी सोडली की लोकांनी ती ओरडून भरायची असते. समोर बसणार कोण? तिकिटं काढलेली गोरी पोरं. ती भरतील की!"

जनेटानं कराराचा कागद पुढे सरकवला. "प्रायोजक गोरे आहेत, लव्हेल. आणि माझ्या घराचे हप्ते अजून फिटायचे आहेत."

"आणि पहिल्या रांगेत माझी म्हातारी चर्चच्या बायांना घेऊन बसणार आहे," लव्हेल म्हणाला. त्यानं सही केली नाही, पण येईन म्हणाला. सही नंतर घेऊ, असं समजून जनेटानं त्याचं नाव जाहीर करून टाकलं.

लव्हेलला खरी भीती जलशाची नव्हती. आईनं ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं. 'ज्यात तो शब्द, ते माझ्या दारात नको,' हे तिनं केव्हाच सांगून टाकलं होतं. तिच्यासमोर म्हटलं आणि ती उठून गेली, तर बापाचं गाणं बापाच्या बायकोनंच नाकारल्यासारखं होणार होतं. शेवटी तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"मम्मा, ते म्हणतात तिथं 'भाऊ' म्हण."

मिस अर्लीन भेंडी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "त्या माणसानं तुझ्या बापाला भाऊ म्हटलं असतं, तर भावाची वाटणी नसती का आली? मी आज ही भेंडी मुकादमाच्या बायकोसारखी नोकराकडून चिरून घेतली असती."

"मग तो शब्द म्हणू?"

"माझ्या घरात नाही." तिनं पुन्हा सुरी उचलली. "पण जलसा काही माझ्या घरात नाही. म्हणशील तर सरळ उभा राहून म्हण. पुटपुटू नकोस."

चौदा तारखेला भर दुपारी लव्हेल डुप्रीला घेऊन मंचावर चढला. समोर दीड-दोन हजार माणसं होती. मुकादमाच्या ओळीआधी त्यानं हात वर करून ठेका थांबवला.

"पुढची ओळ तुम्हाला पाठ आहे, मला माहीत आहे. पण ती तुमची नाही. टाळ्यांनी ठेका द्या, तोंड मिटा."

त्यानं ओळ सुरू केली, आणि पहिल्याच अक्षराला ध्वनिक्षेपक बंद पडला. जनेटानं यंत्रावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं. डुप्रीनं वाट पाहिली नाही. लाकडी खोक्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला. लव्हेलनं माईक खाली ठेवला आणि उघड्या गळ्यानं ओळ पहिल्यापासून घेतली. तो शब्दही, पुरा.

दुसऱ्या रांगेतल्या एका सोनेरी केसांच्या पोराचे ओठ हलले. मिस अर्लीन खुर्चीत वळली. "तू नाही, बाळा. तू टाळ्या वाजव."

पोरानं निमूट टाळ्या वाजवल्या.

ओळ संपली, तशी म्हातारी काठी टेकत उठली. पण ती निघून जायला वळली नाही. तिथल्या तिथं उभी राहून ओरडली, "त्याचं नाव रूफस! रूफस पेटिग्रू!"

चर्चमध्ये कोणी एकानं साद घातली की बाकीच्यांनी ती उचलायची, ही त्या बायांची जन्माची सवय. पहिल्या रांगेतून उत्तर आलं, "रूफस!" मग मागून. मग सगळीकडून. उरलेलं गाणं लव्हेलनं त्याच गजरावर म्हटलं.

जनेटानं त्याला मंचामागे गाठलं. "सही नाही, अट मोडलीस. एक सेंट मिळणार नाही."

"मिळू नये."

"माझी नोकरी गेली तर?"

"दुकानात ये. टायर बदलायला शिकवतो. बूट मात्र बदलावे लागतील."

ती हसली नाही. पण जाताना मिस अर्लीनच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मिस अर्लीननं तिथल्या तिथं चर्चच्या सगळ्या बायांना जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं, पोराच्या नावावर. मोझेलच्या खानावळीत अकरा जणांनी डुकराच्या भाजलेल्या बरगड्या खाल्ल्या, वर रताळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्रीही. बिल एक्क्याण्णव डॉलर झालं. लव्हेलच्या खिशात चौऱ्याहत्तर निघाले.

मोझेलचे सतरा डॉलर अजून द्यायचे आहेत.